कच्चा लिंबू

शनिवारी आमच्याकडे डाव असतो.
कन्नमवार नगर, तिसरा मजला, जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढलेलं.
हेरंब नियमांची पुस्तिका वाचतो
विम्याचे कागद वाचावेत तशी, बारीक अक्षरांसकट,
आणि पाऊण तासाने म्हणतो, ‘खेळताना कळेलच.’
खेळताना काही कळत नाही.
पहिला डाव म्हणजे दिवे गेल्यावर काडेपेटी शोधणं.
मला तोच आवडतो.
दुसऱ्यापासून ग्लेन जिंकायला लागतो.
मीठ देतो, लाकूड घेतो, आणि वर
आपणच त्याला गंडवलं असं वाटायला लावतो.

पिवळी होडी जानेवारीपासून हरवलीय.
तिच्या जागी तूरडाळीचा दाणा
बंदरातून बंदरात फिरतो.
आता त्याला कुणी डाळ म्हणत नाही.

‘या वयात?’ असं लॅबमध्ये विचारतात.
दिवसभर लोकांची साखर मोजते मी,
चव्वेचाळीस वर्षांची आहे,
माझं वय मला माहीत आहे.

रात्री अकरानंतरचा खेळ वेगळा.
त्यात एका पुलावर मी त्रेसष्ट वेळा मेले,
आणि त्रेसष्ट वेळा पुलाने काही मनात न ठेवता
मला परत पहिल्या पायरीवर उभं केलं.
आमच्या सुपरवायझर बाईंना
एक चुकलेलं लेबल अजून आठवतं,
सहा वर्षं झाली.

शहर वसवायचा एक खेळ आहे, त्यात मी महापौर.
फूटपाथ एवढे रुंद की माणसं कमी पडतात.
पाणी चोवीस तास.
खाडीकाठी बैठ्या घरांची एक ओळ आहे,
उत्पन्न शून्य, खेळ सारखा सुचवतो, पाडा.
एक बटण दाबायचं फक्त.
परवा सोसायटीची मीटिंग झाली खाली,
पुनर्विकास, कॉर्पस, कार्पेट एरिया, पेडणेकरांचा आवाज चढलेला,
मी वर येऊन तडक यंत्र लावलं
आणि त्या ओळीला वळसा घालून
रस्ता वाकडा नेला.
वाहतूक तुंबली.
तुंबू दे.

दादाच्या कॅरममध्ये मी कच्चा लिंबू होते.
पावडरचा डबा धरायचा, मधूनच एखादा स्ट्रोक.
एकदा राणी घेतली, कव्हरसुद्धा दिलं.
‘छान हं,’ म्हणाले सगळे,
आणि राणी उचलून परत मध्ये ठेवली.
कुणी काही लिहिलं नाही.
मी मोजलं होतं. अजून मोजलेलं आहे.

गेल्या शनिवारी निलोफरने भाचीला आणलं.
इनाया, वय सहा, पुढचे दोन दात गायब.
‘कच्चा लिंबू!’ चौघेही एकदम ओरडलो,
आणि तिला होडी दिली चालवायला. म्हणजे दाणा.
तिने तो दोन बंदरं ओलांडून थेट ग्लेनच्या गोदामात घातला.
ग्लेन हसला. मग थोडा कमी हसला.
मी गुणांच्या कागदाची मागची बाजू उलटून
पेन्सिलीने बारीक लिहिलं: इनाया, सात.
पुढच्या फेरीला: अकरा.
मग सतरा.
हेरंब पुस्तिकेत बोट घालून बसला होता,
असं करता येतं का ते शोधत,
आणि ग्लेन म्हणत होता, जाऊ दे रे, लहान आहे,
पण अशा आवाजात, की जाऊ देऊ नका.

तेवढ्यात इनायाने होडी तोंडात टाकली.
कडकन आवाज आला.

कुणीच बोललं नाही.
हेरंबने पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं.
मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन
डाळीचा डबा उघडला,
आणि का कोण जाणे
बराच वेळ दाणे निवडत उभी राहिले,
त्यातल्या त्यात होडीसारखा दिसणारा
एखादा मिळतो का बघत.